चिखल, चुना आणि एल मिरादोर

ग्वाटेमालाच्या उत्तर टोकाला, मेक्सिकोच्या सीमेपासून जेमतेम सात किलोमीटरवर, पेतेनच्या जंगलात एल मिरादोर नावाचं, माया संस्कृतीचं प्राचीन शहर आहे. तिथवर रस्ता जात नाही. कार्मेलिता या शेवटच्या गावातून दोन दिवस चालायचं, एक दिवस शहर बघायचं आणि दोन दिवसांत परत यायचं. जाऊन-येऊन सुमारे 80 किलोमीटर होतात. ज्यांना चालायचं नाही ते फ्लोरेसहून हेलिकॉप्टरने अर्ध्या तासात तिथे उतरतात, तासा-दोन तासांत सगळ्यात उंच पिरॅमिडवर जाऊन फोटो काढतात आणि संध्याकाळच्या आत हॉटेलवर परततात. माझ्या मते त्यांच्या हाती फारसं काही लागत नाही. हे शहर इथेच का वसलं, कशावर पोसलं गेलं आणि ओस का पडलं, हे त्या दोन दिवसांच्या वाटेवर पायांना कळतं. पिरॅमिडच्या माथ्यावरून फक्त झाडांचे शेंडे दिसतात.

वाटेतली पहिली गोष्ट म्हणजे जमीन. हा सगळा मुलूख चुनखडीचा. पाणी वर ठरत नाही, झिरपून खाली जातं. त्यामुळे एवढं घनदाट जंगल असूनही वाटेत एकही नदी नाही, बारमाही ओढा नाही. जमीन जराशी उंच-सखल. उंचवट्यावर निचरा चांगला, म्हणून तिथे उंच झाडांचं, सावलीचं, चालायला सुखाचं रान. सखल भागात शेकडो वर्षं वाहून आलेली चिकण माती साचलेली असते. या सखल पट्ट्यांना स्थानिक लोक ‘बाहो’ म्हणतात. तिथली झाडं ठेंगणी, वेडीवाकडी, काटेरी. सावली विरळ, हवा कोंडलेली. बाहोची माती मृदाशास्त्राच्या हिशेबात आपल्या काळ्या कसदार जमिनीच्याच गटातली: ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. विदर्भात किंवा मराठवाड्यात भर पावसात काळ्या रानातून चालण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना बाहोची वेगळी ओळख करून द्यायला नको. दर पावलाला बुटाचं वजन वाढत जातं आणि वेग ताशी चार किलोमीटरवरून दीडवर येतो.

म्हणून कोणत्या महिन्यात जायचं हा प्रश्न खरं तर चिखलाचा आहे. जूनपासून वर्षअखेरीपर्यंत पाऊस असतो. तेव्हा बाहोमध्ये गुडघाभर चिखल होतो, खेचरं पोटापर्यंत रुततात. फेब्रुवारी ते मे हा चालण्याचा काळ. त्यातही निवड करायची तर मी फेब्रुवारीचा शेवट सांगेन. चिखल तुकड्यातुकड्याने उरलेला असतो, पण ऊन अजून चढलेलं नसतं. मार्च-एप्रिलमध्ये वाट कोरडी होते आणि सगळ्यांना वाटतं की आता सोपं झालं. तसं ते होत नाही. ओल्या मातीत खेचरांच्या खुरांनी वीतभर खोल भोकं पाडलेली असतात. ती तशीच वाळतात, विटेसारखी टणक होतात आणि वर पानगळ पसरते. पाय पानांवर पडतो आणि घोटा भोकात मुरगळतो. या वाटेवरून खेचरावर बसून परतावं लागणाऱ्यांपैकी बरेचजण चिखलात न घसरता या कोरड्या भोकांनी जायबंदी झालेले असतात. बाहो लागला की गप्पा बंद करायच्या, नजर दोन पावलं पुढे ठेवायची, हातातल्या काठीने पानं चाचपायची आणि पाऊल भोकांच्या मधल्या उंचवट्यावर सपाट टाकायचं.

चिखल चुकवण्यासाठी लोक मुख्य वाट सोडून कडेच्या झाडीतून नवी वाट पाडतात. तिथे दुसरा धोका असतो. बाहोच्या कडेला ‘एस्कोबो’ नावाचा ताड वाढतो, त्याच्या खोडाला बोटभर लांबीचे, फाटे फुटलेले काटे असतात. तोल गेला की माणूस सहज जवळचं खोड पकडतो आणि तळहातात काटे मोडून बसतात. चेचेन नावाच्या झाडाचा चीक कातडीला लागला की भाजल्यासारखे फोड येतात. खोडावर काळे ओघळ दिसले तर समजायचं की हात लावायचा नाही. वाटाडे पहिल्याच तासाला सांगतात, की घसरलात तर बसा, पण झाड धरू नका. हे शब्दशः पाळावं. चिखलात बसल्याने काहीही बिघडत नाही.

पायात काय घालावं यावर खूप वाद होतात. वाटाडे आणि खेचरवाले गुडघ्यापर्यंतचे साधे रबरी गमबूट घालतात, आणि ओल्या महिन्यांत तेच बरोबर आहे. महागडे जलरोधक ट्रेकिंग बूट इथे उलटे पडतात. पाणी वरून आत शिरतं आणि तेच अस्तर ते बाहेर जाऊ देत नाही. ओल्या पायमोज्यात पाच-सहा तास चाललं की टाचेची कातडी पांढरी पडून सुटते आणि दुसऱ्या दिवशी पाऊल टेकवत नाही. कोरड्या महिन्यांत घोट्यापर्यंत आधार देणारे, हलके, पाणी निघून जाणारे बूट चांगले. लोकरीच्या पायमोज्यांचे तीन जोड घ्यावेत, त्यातला एक फक्त तंबूत झोपताना घालायचा. तो कितीही मोह झाला तरी वाटेवर घालायचा नाही.

आता पाण्याचा हिशेब. या ट्रेकमध्ये सगळ्यात जड सामान पाणीच असतं. एका माणसाला या उष्म्यात दिवसाला चार लिटर प्यायला आणि एक लिटर स्वयंपाकाला धरलं, तर पाच दिवसांचं 25 लिटर होतं. सहा जणांचा गट आणि सोबतची तीन माणसं मिळून नऊ डोकी, म्हणजे सव्वादोनशे लिटर, म्हणजेच सव्वादोनशे किलो. एवढं एका दमात नेता येत नाही. म्हणून वरच्या मुक्कामांवर छपराचं पावसाचं पाणी टाक्यांत साठवतात आणि त्यावर स्वयंपाक, धुणी-भांडी आणि बादलीभर अंघोळ चालते. ते प्यायचं असेल तर उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबून. पावसाळा कमी झाला तर एप्रिलमध्ये टाक्या तळाला जातात आणि अंघोळ बंद होते. याची तक्रार करू नये. खेचरावर पाण्याचे कॅन दोन्ही बाजूंना अगदी समतोल बांधावे लागतात, नाहीतर खोगीर सरकतं, पाठीला जखम होते आणि ते खेचर पुढचे काही दिवस कामातून जातं. म्हणून सकाळी सामान बांधताना ‘माझी बॅग तेवढी वर ठेवा’ असं मध्येच म्हणणाऱ्यांवर खेचरवाले चिडतात, आणि त्यांचं चिडणं योग्य आहे. आपलं सामान सहा-सात किलोत बसवावं, मऊ पिशवीत, आत प्लॅस्टिकचा जाड थर देऊन. पाठीवर फक्त तीन लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं, रेनकोट, हेडलॅम्प. नुसतं पाणी पीत राहिलात आणि मीठ गेलं नाही तर दुपारी डोकं दुखायला लागतं, मळमळतं. लोकांना वाटतं ऊन लागलं, आणि ते आणखी पाणी पितात. दर दोन लिटरमागे एक लिटर ओआरएसचं धरून चालावं.

सोबतची तीन माणसं म्हणजे वाटाड्या, स्वयंपाक करणारी बाई आणि खेचरवाला, ज्याला तिथे ‘अरिएरो’ म्हणतात. वयाने मोठ्या बाईंना ‘दोन्या’ लावून हाक मारायची रीत आहे. ही माणसं बहुधा कार्मेलिताच्या सहकारी संस्थेची असतात. हे गाव मुळात चिकल गोळा करणाऱ्यांचा तळ होतं. चिकल म्हणजे च्युइंगगमचा मूळ चीक, आणि तो निघतो चिकूच्या झाडापासून. आपल्या डहाणू-घोलवडच्या वाड्यांमधलं तेच झाड, तीच जात. फरक एवढाच, की इथे ते रानात 30 मीटरपर्यंत सरळ वाढतं. वाटेवर जुन्या चिकूच्या खोडांवर तळापासून वरपर्यंत नागमोडी खाचा दिसतात. कोयत्याने डाव्या-उजव्या तिरक्या चिरा एकमेकींत मिळवत नेल्या की पांढरा चीक ओघळत खाली पिशवीत येतो. एकदा कापलेलं झाड भरून यायला काही वर्षं लागतात. चीर साल ओलांडून गाभ्यात गेली तर झाड मरतं. चिकल काढणाऱ्यांची हीच भटकंती पुरातत्त्वज्ञांच्या कामी आली. पेतेनमधली कित्येक ढिगारलेली शहरं आधी त्यांना माहीत होती, नकाशावर नंतर आली. मिरादोरचा पहिला नीट नकाशा इयन ग्रॅहम यांनी 1962 साली केला.

1990 साली इथे माया संरक्षित जीवावरण क्षेत्र झालं आणि 1997 साली कार्मेलिताला सुमारे 54,000 हेक्टर जंगल वापरायचा करार मिळाला: ठरावीक झाडं तोडायची, चिकल आणि ‘शाते’ नावाच्या ताडाची पानं काढायची, आणि पर्यटक न्यायचे. ज्या पट्ट्यांत गावांकडे असे करार आहेत तिथलं जंगल शाबूत राहिलं. पश्चिमेकडच्या काही राष्ट्रीय उद्यानांत मात्र कुरणांसाठी रान जाळलं गेलं. म्हणून वाटाड्या गावाकडूनच घ्यावा असं मी आग्रहाने सांगतो. मिरादोरपर्यंत छोटी रेल्वे न्यायची योजनाही मांडली गेली होती, तिला या गावांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं समजायला एक दिवस त्यांच्या मागे चालणं पुरतं.

पहिल्या दिवशी 18-20 किलोमीटर चालून तिंतालला मुक्काम पडतो. सकाळी सहाला निघालात तर दुपारी एक-दोनपर्यंत पोचता. कार्मेलितात चहापाण्यात दहा वाजवले तर शेवटचा बाहो भर उन्हात आणि थकल्या पायांनी पार करावा लागतो. तिंताल स्वतःच मोठं शहर होतं. संध्याकाळी तिथल्या पिरॅमिडवर चढताना वाटाड्याच्या पावलावर पाऊल ठेवून चढावं. बाजूंनी लुटारूंनी खणलेले चर आहेत, कडा ढासळत्या, खोली दोन पुरुष. चांगल्या भांड्यांच्या शोधात त्यांनी एकेक इमारत आरपार चिरली. माथ्यावरून उत्तरेला क्षितिजावर एक टेकडी दिसते. पेतेनच्या या सपाट मुलखात तशी टेकडी नसतेच. ती ला दान्ता असते, मिरादोरचा सगळ्यात उंच पिरॅमिड, उद्याचा पल्ला.

दुसऱ्या दिवसाचे 22-25 किलोमीटर हे या ट्रेकचं खरं काळीज. बाहोमध्ये धडपडत असताना अचानक वाट वर येते, सरळ होते, पायाखालचं कोरडं आणि घट्ट लागतं. झाडं तीच, पण दोन्ही बाजूंना जमीन खाली गेलेली. आपण मायांच्या राजरस्त्यावर, ‘साकबे’वर, आलेलो असतो. दलदलीतून जाता यावं म्हणून दगडमातीची भर घालून, काही ठिकाणी कित्येक मीटर उंच उचलून, वर चुन्याचा जाड थर देऊन हे रस्ते केले होते. चाक नव्हतं, ओझ्याचं जनावर नव्हतं, धातूचं अवजार नव्हतं. सगळं पाठीवरून वाहिलेलं. अलीकडच्या लायडर सर्वेक्षणात, म्हणजे विमानातून लेसर किरण टाकून झाडांखालची जमीन मोजण्याच्या पद्धतीत, या खोऱ्यातल्या अशा रस्त्यांची एकूण लांबी सुमारे 177 किलोमीटर भरली. आकडा वाचून त्याचा अंदाज येत नाही. सकाळपासून चिखल तुडवल्यावर जेव्हा त्या रस्त्यावर पाय पडतो, तेव्हा येतो. खेचरंसुद्धा तिथे आपोआप वेग घेतात.

मिरादोर बहरलं ते ख्रिस्तपूर्व काळात आणि इ.स. 150 च्या सुमारास बव्हंशी ओस पडलं. तिकालची जी देवळं आज ग्वाटेमालाच्या पोस्टकार्डांवर असतात, ती याच्यानंतर पाच-सहाशे वर्षांनी उभी राहिली. एवढ्या प्रचंड वास्तू इतक्या जुन्या असतील असं आधी कुणाला वाटलं नव्हतं. 1979 साली पुरातत्त्वाचे तरुण अभ्यासक रिचर्ड हॅन्सन इथे एका देवळाची खोली उकरत असताना तळाशी, फरशीवर, जी खापरं सापडली ती सगळी अपेक्षेपेक्षा आधीच्या काळातली निघाली आणि माया इतिहासाची घडी बदलली. हॅन्सन पुढे कित्येक वर्षं इथलंच काम करत राहिले.

ला दान्ता जंगलाच्या जमिनीपासून सुमारे 72 मीटर उंच आहे. तो एकटा सुळका नाही. पहिला चौथरा सुमारे 600 मीटर लांब आणि 300 मीटर रुंद, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, आणि सगळ्यात वर मधे एक मोठं आणि समोरासमोर दोन लहान अशी तीन देवळं. पहिल्या चौथऱ्यावर आपण चढलो हे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही; वाट थोडी चढली एवढंच वाटतं. वाटाड्याला थांबवून कडा दाखवायला सांगावी. शेवटच्या टप्प्यावर लाकडी जिना आहे. पहाटे चढायचं असेल तर साडेचारला निघावं, आणि संध्याकाळ पश्चिमेकडच्या 55 मीटर उंच एल तिग्रेवर काढावी. स्वच्छ हवेत उत्तरेला मेक्सिकोतलं कालाकमुल दिसतं.

पण माथ्यांपेक्षा जास्त वेळ द्यायला हवा तो उकरलेल्या चरांना. मधल्या अक्रोपोलिसजवळ, म्हणजे उंचावर बांधलेल्या इमारतींच्या समूहाजवळ, 2009 साली सापडलेली गिलाव्यातली शिल्पपट्टी आहे: पोहणाऱ्या दोन आकृती, भोवती पाण्याचे आणि जलचरांचे नक्षीकाम. ती पावसाचं पाणी गोळा करणाऱ्या यंत्रणेचा भाग होती. जिथे नदी नाही तिथे छपरावरून आणि चौकातून वाहणारं पाणी टप्प्याटप्प्याने टाक्यांत न्यायचं आणि त्या वाटेवर देवादिकांची चित्रं काढायची, यात त्या लोकांची खरी गरज उघड दिसते. नंतर एखाद्या चराच्या भिंतीशी उकिडवं बसावं आणि जमिनीचे थर बघावेत. राखाडी भरावामध्ये पांढऱ्या, कडक, आडव्या रेषा दिसतात. प्रत्येक रेषा म्हणजे चौकाची एकेक फरशी; एक झिजली की तिच्यावर दुसरी. खालच्या रेषा बारीक, वरच्या वरच्या जाड होत गेलेल्या.

हॅन्सन यांचा सिद्धांत या जाडीवर उभा आहे. चुना करायला चुनखडी सुमारे 800 ते 900 अंशांवर भाजावी लागते. मायांच्या चुनाभट्टीत लाकडं गोलाकार रचून वर दगड पसरायचे आणि एक-दोन दिवस जाळायचं. त्यासाठी ओलं लाकूड लागतं, कारण ते सावकाश आणि सारखं जळतं. म्हणजे वाळक्या फांद्यांवर भागत नाही, उभी झाडं पाडावी लागतात. भाजलेली कळी विरवायची, ‘सास्काब’ या भुसभुशीत पांढऱ्या मातीत मळायची आणि थापायची. होन्डुरासमधल्या कोपान या माया शहराच्या गिलाव्यावर 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झाडांच्या सालीचा रस मिसळल्याचं दिसून आलं, त्यामुळे तो जास्त चिवट होतो. आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या आणि किल्ल्यांच्या चुन्यात हिरडा, बेलफळाचा गर आणि गूळ घालत ते याच कारणाने. तर मिरादोरमध्ये वैभव वाढत गेलं तसा गिलावा जाड होत गेला, त्यासाठी भोवतालचं जंगल भट्ट्यांत गेलं, उघड्या पडलेल्या उतारांवरची माती पावसाने सखल भागात वाहून आणली. त्या सखल भागात आधी उथळ, गवताळ पाणथळी होत्या. तिथला सुपीक गाळ उचलून लोक शहरातल्या वाफ्यांत घालत आणि त्यावर मका, भोपळा पिकवत. त्या पाणथळी चिकणमातीखाली गाडल्या गेल्या, आणि शेतीचा गाळ व पाणी दोन्ही संपत गेलं. दुष्काळाचा वाटा मोठा मानणारे अभ्यासकही आहेत, आणि दोन्ही कारणं एकत्र आली असतील असं मानायला जागा आहे. पण हॅन्सन यांचं म्हणणं खरं धरलं, तर गेले दोन दिवस बुटाला चिकटलेली माती ही या पांढऱ्या रेषांची किंमत आहे. हेलिकॉप्टरने आलेल्याला ती चिकटत नाही. म्हणून मी चालत जा म्हणतो.

मुक्कामाबद्दल थोडं. जेवण मक्याच्या तोर्तिया, काळ्या घेवड्याची उसळ, भात, अंडी, कॉफी. शाकाहारी माणसाची आबाळ होत नाही, पण कार्मेलितातून सामान भरण्याच्या आदल्या दिवशीच सांगावं, आणि ‘मांस नको’ एवढं पुरत नाही. उसळीत डुकराची चरबी आणि भातात कोंबडीच्या अर्काची पूड घालायची पद्धत आहे; ‘तेलात करा, पूड नको’ असं स्पष्ट सांगितलं की दोन्या आनंदाने करतात. पहाटे साराग्वाते वानरांचा घुमणारा आवाज ऐकून घाबरू नये. ते आपापली हद्द सांगत असतात. कोळीमाकडांच्या झाडाखाली मात्र उभं राहू नये, ती मोडक्या फांद्या टाकतात आणि वरून मुततातही.

गोचिडींसाठी पँट मोज्यात खोचावी आणि कपड्यांवर निघण्यापूर्वी घरीच 0.5 टक्के पर्मेथ्रिन हे कीटकनाशक फवारून वाळवावं. तिळाएवढ्या पिल्लांचा पुंजका एकदम पायावर चढला तर नखाने खरवडत बसू नये. चिकटपट्टी दाबून उचलली की सगळी निघतात. अंधार पडल्यापासून पहाटेपर्यंत पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मान-कानांना डास पळवणारं मलम हवंच. या वेळात वाळूमाश्या हिंडतात, दोन-तीन मिलिमीटरच्या, आवाज न करणाऱ्या, साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून आत येणाऱ्या. तंबूची जाळी बारीक आहे ना हे कार्मेलितातच बघून घ्यावं. त्यांच्या चाव्यातून लीशमॅनियासिस या परजीवीच्या आजाराचा एक प्रकार होतो, त्याला तिथे चिकल काढणाऱ्यांचाच आजार म्हणतात, कारण त्यांच्या कानाच्या पाळ्या त्याने झडलेल्या असत. फोड चावल्यानंतर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी उठतो. दुखत नाही, पण कडा उचललेल्या राहतात आणि मध्ये खड्डा पडत जातो. घरी परतल्यावर अशी जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर त्वचारोगतज्ज्ञाला पेतेनच्या जंगलात राहून आल्याचं आपणहून सांगावं आणि जखमेच्या कडेचा नमुना तपासायला द्यावा. आपल्याकडच्या डॉक्टरांना याच कुळातला काळा आजार माहीत असतो, पण मध्य अमेरिकेतली परजीवीची ही जात वेगळी आहे, आणि कोणती जात आहे यावर उपचार ठरतात.